केशरी बुटांचा फ्रेंच शिपाई

माझ्या मावशीच्या दिरांना जगातला प्रत्येक शहीद सैनिक आपला नातेवाईक वाटतो. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावाहून कुठेही निघालं की वाटेतल्या गावात युद्धस्मारक दिसताच काका गाडी थांबवतात, बूट काढतात आणि दगडावरची सगळी नावं मोठ्याने वाचतात. त्यामुळे कोणाच्याही घरच्या गणपतीला आम्ही उशिराच पोचतो, मांडीवर गार झालेली बटाट्याची भाजी घेऊन. मी मागच्या सीटवर गप्प बसते. बहुधा म्हणूनच काकांना मी आवडते.

इतरांच्या हॉलमध्ये मुलांचे ग्रॅज्युएशनचे फोटो असतात, तिथे यांच्याकडे एका छोट्या फ्रेंच गावातल्या स्मारकाचा फोटो आहे. चौकात चौथऱ्यावर उभा पांढरा दगडी शिपाई, आणि बूट चक्क केशरी! काकांचे आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते परतलेच नाहीत. ऑफिसच्या कामाने तिकडे गेलेल्या काकांनी त्यांचं नाव खूप शोधलं. कुठेच सापडलं नाही. मग त्या नावाला लावायला नेलेला शेंदूर त्यांनी तेलात कालवला आणि, गावाकडे वीरगळाला लावतात तसा, या शिपायाच्या बुटांना लावला. गावकरी ओरडत धावत आले.

"आजेसासरे मी पाहिले नाहीत," काकू म्हणतात, "पण त्या बाबाचे बूट मला पाठ आहेत!"

एका सकाळी काकांनी इंटरनेटवर वाचलं की पार्किंगसाठी ते स्मारक गावाबाहेरच्या दफनभूमीत हलवणार आहेत.

"तुला शाळेत फ्रेंच होतं ना? लाव फोन."

"काका, मला फक्त पुस्तकातलं 'ही माझ्या मामाची बाग' एवढं एकच वाक्य येतं."

"मग बागेपासून सुरू कर!"

कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. नगरपालिकेतल्या बाईंना मी अडखळत सांगितलं, हलवू नका, ते चौकातच शोभतं. त्यांनी विचारलं, त्यावर तुमच्यापैकी कोणाचं नाव आहे? मी काकांना विचारलं. काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"सांग, आमच्या माणसाचं नाव कुठल्याच दगडावर नाही. म्हणून याचे पाय धरले."

शेंदराला फ्रेंच शब्द मला येत नव्हता. मी 'केशरी बूट' एवढंच म्हणाले.  मग बाई हसल्या. "अच्छा, ते तुम्ही!" आणि त्यांनी माझा ईमेल पत्ता मागून घेतला.

स्मारक चौकातच राहिलं. आमच्यामुळे नव्हे, गावातले म्हातारेच हटून बसले होते. मग वारसा म्हणून त्याची नोंद झाली, आणि वारसा झाल्यावर ते आधी स्वच्छ धुतलं गेलं. बाईंनी फोटो पाठवला. काका स्क्रीनला नाक लावून बसले.

"डाव्या बुटाच्या लेसपाशी बघ. थोडा राहिलाय ना?"

मला नुसता पांढरा दगड दिसत होता.  तेवढ्यात हात पुसत काकू आल्या, वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आहे की," त्या म्हणाल्या. "तुम्ही लावलेला तो. जातोय कसला!"