समोरच्या मैदानातला गोल

दादाचं इंग्लंडमधलं घर फुटबॉलच्या मैदानासमोरच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो खिडकीपाशी अडकून पडलाय, आणि मैदानाच्या उंच भिंतीमुळे तिथून खेळ काही दिसत नाही. लोकांनी मैदानावर यावं म्हणून शनिवारी दुपारच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क तिथं कुणाला विकतच नाहीत. आपल्याकडे विकतात, म्हणून मी कोल्हापुरात भडंग खात तोच सामना बघतो. हा कुठला न्याय? सात समुद्र ओलांडणाऱ्या चित्राला समोरचा रस्ता ओलांडायची बंदी!

काल फोनवर बोलताना दादाच्या खिडकीतून एकदम गर्जना ऐकू आली.

“गोल झाला! कुणी मारला रे?” दादा कळवळून विचारत होता.

माझ्या टीव्हीवर चेंडू अजून मधल्या रेषेवरच होता. चित्र इथवर पोचायला वेळ लागतो.

“थांब दादा, इथं अजून व्हायचाय.”

मग दोघंही त्याच्या दारात होऊन गेलेल्या गोलाची वाट बघत बसलो.