चार मिनिटांचा समुद्र

डॉक्टरांनी अक्काला घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं. लोहाऱ्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. खाटेवरून ती मला म्हणाली, "समुद्र तेवढा बघायचा राहिला बघ."

तिला हलवणं शक्य नव्हतं. त्याच दुपारी मी कॅमेरा घेऊन कोकणाकडं निघालो.

भर पावसाळा होता. आभाळ पाण्याला टेकलेलं. साधे फोटो मळकट यायला लागले. मग पाणी तरी मऊ, नितळ उतरावं म्हणून मी लेन्सवर काळी काच चढवली. तिच्यातून उजेड इतका कमी शिरतो, की एका फोटोला चार-चार मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा जरासुद्धा हलून चालत नाही. वारा तर थांबायचं नाव घेईना. ट्रायपॉडला दगडांची पिशवी बांधली, वाऱ्याकडं पाठ करून आडोसा धरला. तरी प्रत्येक फोटो हललेला. काच पुसायला कोरडं काही उरलं नाही, तेव्हा अंगातला बनियन काढला.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. "कधी निघताय? ती सारखी विचारतीय."

"एक चांगला फोटो मिळू द्या, दाजी."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मी तिच्यापाशी असायला हवं होतं, आणि रिकाम्या हातानं परतायचंही धाडस होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एक फोटो जमला. गावी येताच मोठा छापून अक्कासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"लई छान हाय. धुक्यावानी. पण लाटा कुठं हायत रं?"

चार मिनिटांत आलेल्या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"म्हंजे हायत, पण दिसत न्हायत."

"व्हय. मी परत जातो, अक्का. लाटांचा आणतो."

तिनं माझी बाही धरली. "आता कुठं जाऊ नको. तूच सांग, कशा असत्यात."

मी सांगायला बसलो. तीन दिवस समुद्रासमोर उभा होतो, पण माझी नजर सारखी कॅमेऱ्यावर आणि घड्याळावर. लाट फुटताना कशी दिसते, ते मला धड आठवेना. जे सुचलं ते सांगत गेलो. ती डोळे मिटून ऐकत होती.

सकाळी तिनं मला ओळखलं नाही.