घोरण्याची घरची गोष्ट

तुमचे आजोबा घोरतात, ही आपल्या घराण्यातली सर्वमान्य गोष्ट आहे. ती सर्वमान्य मीच केली आणि त्याच कारणावरून त्यांची खाट फार वर्षांपूर्वी पुढच्या खोलीत हलवली.

अडचण अशी, की घोरते मी! (हे वाचून लगेच पुसून टाका.) आजवर निभावलं. पण आमच्या आर्वीच्या महिला मंडळानं केळझरच्या गणपतीला मुक्कामी जायचं ठरवलं. सगळ्या एकाच हॉलमध्ये झोपणार! म्हणून मी इंटरनेटवर गुपचूप उपाय शोधायला बसले.

इंटरनेटवर आपल्यावर कशी पाळत असते, यावर मी मंडळात भाषण दिलेलं आहे. त्यामुळे सगळं शिस्तीत केलं. मोबाइलवर ती काळी, गुप्त खिडकी उघडली. प्रत्येक वेबसाइटनं 'कुकीज चालतील का?' विचारलं, प्रत्येकीला 'नाही' म्हटलं. फक्त, कुणी परकं आत शिरू नये म्हणून, दाराला आतून कडी लावावी तसं, आधी घरच्या खात्यानं लॉगिन केलं. तेच खातं, जे तुमच्या बाबांनी टीव्हीलाही जोडून दिलंय!

दुसऱ्या दिवशी बायका सहलीचं ठरवायला आल्या. मी टीव्हीवर केळझरच्या देवळाचा व्हिडिओ लावला. गणपतीच्या आधी प्रकटली एक बाई, हनुवटीला पट्टा बांधून! "घोरण्याची लाज वाटते? खास महिलांसाठी!" ती घालवली, तर दुसरी आली. मग तिसरी!

"काऊन वो मॅडम," शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "आमच्या टीव्हीवर त सोयाबीनच्या औषधाची जाहिरात येते. तुमीच सांगतलं होतं ना, जे शोधलं तेच दिसते म्हणून?"

माझंच भाषण!

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आजोबा आले. "ते माह्यासाठी पाहून राह्यली ती. मीच म्हणलं, पाह्य एखांदा पट्टा."

"पण भाऊजी, हे त बायकाईचं हाय!"

"माही हनुवटी लहान हाय ना!"

बायका हसून हसून बेजार. त्या गेल्यावर मी खाली मान घालून विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लगन झालं तवापासून."

"मग कुणाला बोलला कसे नाहीत?"

"काऊन सांगू? घरची गोष्ट हाय ते."

बाळांनो, माझी खासगी माहिती साऱ्या जगात एकाच ठिकाणी सुरक्षित होती. आणि ते ठिकाण मी स्वतःच्या हातांनी पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं!