पालथी वाटी

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, उतरवून टाकणं... असल्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. नेसरीला आमच्या घरामागंच मसणवाट होती. शेळ्या राखत लहानपण तिथंच गेलं, काही दिसलं नाही. पण ही गोष्ट घडली ती भर सकाळी, माणसांनी भरलेल्या खोलीत. म्हणून लिहिते.

मिस्टर गेल्यावर मी आपणहून गडमुडशिंगीजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला आले. नव्वद सालानंतरचं सांगतेय. करमायचं मला तिथं, खोटं कशाला बोलू. शेजारी गंगाक्का होती ना. गडहिंग्लजची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. न्याहारीला सिस्टर प्रत्येकाच्या जागेवर स्टीलच्या वाटीत गोळ्या ठेवायच्या. आम्ही आपलं गपकन गिळायचो. गंगाक्का मात्र आधी रंग बघायची. चुकीची वाटली की वाटी टेबलावर पालथी घालून वर हात ठेवायची — "इद नंदल्ल." म्हणजे, हे माझं न्हवं.

"अक्का, तुम्ही डॉक्टर हाय काय?" सिस्टर चिडायच्या.

"पोट तर माजं हाय की."

थंडीत ती झोपेतच गेली. तिची खुर्ची आम्ही माझ्याशेजारी तशीच ठेवली.

पुढं उन्हाळ्यात कुणीतरी आश्रमाला लांबलचक नवं टेबल दिलं. सोमवार होता, माझा उपास, पोटात नुसता कोरा चहा. सिस्टरनी आम्ही यायच्या आधीच नेहमीच्या ओळीनं वाट्या मांडलेल्या. आम्ही एकाच बाजूला ओळीनं बसलो, तर रिकाम्या खुर्चीपलीकडच्या शांताबाई म्हणाल्या, "तोंडं दक्षिणेला आली की सगळ्यांची. आत्ताच वर जायची घाई हाय व्हय?"

झालं. दक्षिणेला तोंड करून कोण जेवतंय? सगळी पंगत उठली, टेबलाला वळसा घालून समोर जाऊन बसली. गंगाक्काची खुर्चीपण नेली. ज्याच्या पुढ्यात जी वाटी आली ती त्यानं जवळ ओढली. वळसा घालताना ओळ उलटी झाली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाटीवर नाव नसायचं, जागा हीच ओळख.

मग प्रार्थना. हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले... तर माझी वाटी पालथी.

"कुणी चेष्टा केली ही?"

"माजे हात जोडलेले," शांताबाई म्हणाल्या. "पायानं करू काय?"

सिस्टर दारात उभ्या होत्या, आमच्याकडंच बघत. म्हणाल्या, "कुणी हललं न्हाय मावशी. आणि आवाज आला असता की."

खरंच. स्टीलची वाटी, कडक टेबल, आणि साधं टण्सुद्धा झालं नव्हतं.

मी वाटी उचलली. खाली गुलाबी गोळी. माझी बीपीची पांढरी असते. सिस्टर धावतच आल्या. "थांबा, कुणी काय गिळू नका." ती शुगरची होती, टोकाला बसणाऱ्या आजोबांची. मला शुगर नाहीच.

डॉक्टर आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी ती गोळी हातात घेऊन बघितली. मग म्हणाले, "मावशी, उपाशी पोटी ही गेली असती, तर तुमची शुगर इतकी उतरली असती की उठवणं अवघड होतं."

त्यानंतर वाट्यांवर नावं आली. सिस्टर नाव विचारून गोळी हातात द्यायला लागल्या. आणि आम्ही सगळे आधी रंग बघायला लागलो. नवीन कुणी विचारलं तर सांगतो, अक्काची पद्धत हाय.

मुलगा म्हणतो, आई, तुझाच हात लागला असेल. लागला असेल बापडा. पण जोडलेला हात कसा लागतो, आणि वाटी न वाजता कशी पालथी पडते?

मी अजून तिथंच आहे, मजेत आहे. रोज सकाळी गोळी तळहातावर घेते आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला दाखवते. जरा थांबते. मग गिळते.

अजून तरी तिनं नको म्हटलेलं नाही.