काव-चुन्याचे ठोकळे

मुंगीला वाट, माशाला लाट आणि माणसाला विचार ज्याने दिला, त्या दयाघनापुढे हात जोडून आज एका साध्या बाईची कथा सांगावयाची आहे. नाव रुचिरा गोताड. गाव आंबेकोंड, पालीच्या बाजारातून आत वळून कातळ चढून गेले की लागते ते. आणि काम? काम माणसांची बुद्धी मोजण्याचे.

हसू नये. रत्नागिरीतल्या एका संशोधन संस्थेने बुद्धिमापनाची नवी मराठी चाचणी करावयास घेतली होती, सहा वर्षांच्या बालकापासून साठीच्या माणसापर्यंत सर्वांसाठी. पण नुसते प्रश्न लिहून चाचणी होत नाही. आठ वर्षांचे मूल साधारण किती सोडवते, चाळिशीची बाई किती, हे आधी शेकडो माणसांना बसवून पाहावे लागते. त्यांच्या उत्तरांतून माप ठरते आणि पुढे येणारे प्रत्येक लेकरू त्या मापाला लावले जाते. ते माप कोकणच्या मातीतून उभे करावे म्हणून रुचिरा गावोगाव हिंडत होती. खांद्यावर चाचणीची पेटी, हातात घड्याळ, आणि चेहरा असा कोरा की उत्तर बरोबर आले काय, चूक आले काय, समोरच्या मुलाला कळू नये.

हा ध्यास तिला लागला तो धाकट्या भावामुळे. अनिल सात वर्षांचा असताना दूरच्या शहरातून एक परीक्षक शाळेत आले होते. अनोळखी माणूस, अनोळखी बोली, समोर टिकटिकणारे घड्याळ; पोर घाबरले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याला शून्य मिळाले. शहरी मुलांच्या सरासरीशी त्याला ताडून कागदावर शेरा आला, मंदबुद्धी. तेव्हापासून वर्गात त्याची जागा मागची, आणि मनातही मागचीच. आठवीत शाळा सुटली. आज तो लोट्याला कंपनीची बस चालवतो. कोणी काही विचारले की आधी म्हणतो, "मला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य ऐकले की रुचिराच्या काळजात काटा मोडतो. एकाही लेकराला पुन्हा परक्या मापाने मोजू द्यायचे नाही, असा तिने पण केला होता.

निवडलेल्या गावांत आंबेकोंडही आले. नात्यातली घरे वगळून तिने काम सुरू केले. पहिल्या दिवशी मोठ्या माणसांत धोंडूबाई बसल्या. गावनात्याने काकी; जिभेला धार आणि मनाला ओलावा. मग सुट्टी आली, आणि आठवड्याभराने मुलांची पाळी.

धोंडूबाईंची नात वेदिका समोर बसली. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची चाचणी होती. चित्र पाहायचे आणि ठोकळे जुळवून तशी नक्षी करायची. रुचिराने चित्र अजून नीट ठेवलेही नव्हते, तोच वेदिकाचा पहिला ठोकळा जागेवर गेला. दुसरा गेला. नक्षी पूर्ण झाली आणि पोर खुदकन हसले. पुढच्या मुलाचे तेच. त्याच्या पुढच्याचेही तेच. रुचिराचा चेहरा नियमाप्रमाणे कोरा राहिला, पण तिने वहीत तिघांच्या नावांपुढे बारीक खूण केली.

मधल्या सुट्टीत ती धोंडूबाईंच्या अंगणात गेली. पडवीत सुपात ठोकळे होते. आंब्याच्या खोक्याच्या फळ्या तासून केलेले, लाल बाजू कावेची, पांढरी चुन्याची.

"काकी, हे काय?"

"बघ की!" धोंडूबाईंची छाती अभिमानाने फुलली. "तुज्या पेटीतल्यासारके झालेत का नाय? एकदाच बगितले व्हते मी. रोज सांजच्याला पोरांना बसवतंय. तू मला इचारलीस ती गोष्टीतली कोडी पन पाठ करून घेतलीत."

"पण कशाला, काकी?"

"कशाला म्हंजे? आंबेकोंडची पोरं मठ्ठ हायत, असं कुनी लिवायचं नाय! आनि तुजं नाव व्हायला नको काय गो, बाय?"

ज्या हातांनी काम बिघडवले, ते हात मायेने भरलेले! रुचिरा नदीकाठी जाऊन बसली. हे आकडे संस्थेत गेले, तर कोणाला कळणार होते? आपले गाव सगळ्यांत पुढे झळकले असते. काकी खूष, पोरे खूष. क्षणभर मन तिकडे झुकले, खोटे कशाला सांगावे? पण डोळ्यांपुढे मागच्या बाकावरचा अनिल आला, आणि तिने संस्थेच्या ओमकार सरांना फोन लावला.

"सर, आंबेकोंड बाद करा. पोरांना आधी शिकवलं गेलंय."

सर म्हणाले, "ठोकळ्यांचा भाग तेवढा काढू या का? मुदत जवळ आलीये, रुचिरा."

"कोडीही पाठ करून घेतलीत, सर. सगळंच बाद."

"दुसरं गाव शोधून पहिल्यापासून करावं लागेल. एकटीने राबशील?"

"राबेन."

एक शब्द, पण तो बोलताना तिचा आवाज हलला नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. वार्ता कळताच धोंडूबाई तरातरा आल्या, मागून वाडीतल्या चार बायका.

"बाद? म्हंजे आमची पोरं लबाड?"

"पोरं लबाड नाहीत, काकी."

"मग मी लबाड? बोल की! शेरात ऱ्हायलीस म्हनून आमाला बाद करतेस?"

रुचिराने त्यांना पडवीत बसवले. कोपऱ्यात भात मापायची पायली होती. ती उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काकी, ही पायली कोणी जरा मोठी करून आणली आणि गावभर तीच चालवली, तर काय होईल?"

"व्हतंय काय? सगळ्यांचं भात कमी भरल."

"म्हणजे भात घटलं?"

"भात कशाला घटल? पायली फुगली!"

"आपण तेच केलंय, काकी. या पोरांच्या उत्तरांतून माप ठरणार आहे. शिकवलेल्या उत्तरांनी ते फुगलं, की उद्या कुठल्यातरी वाडी-कोंडातलं लाजरं लेकरू त्याला लावतील. ते बिचारं स्वतःच्या अकलेने सोडवील, मापात कमी भरेल, आणि कोणीतरी कागदावर लिहील, मंद."

धोंडूबाईंचा हात पायलीच्या काठावरून हळूहळू फिरत राहिला.

"आपल्या अनिलसारकं," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आपल्या अनिलसारखं."

देवाच्या दारी काय नेतो आपण? उसने रूप नव्हे, उसने गुण नव्हेत. जसे आहोत तसे उभे राहतो, आणि तो तसाच पोटाशी धरतो. लेकरांनाही तसेच उभे राहू द्यावे, एवढीच रुचिराची मागणी होती. धोंडूबाईंनी पदराने नाक पुसले आणि विचारले, "मग आता कुठलं गाव?"

"देवकोंड."

"मी येतंय. तू नाय म्हनू नको."

आणि खरेच आल्या! देवकोंडच्या शाळेच्या पायरीवर त्या ठाण मांडून बसत. आतून बाहेर आलेल्या प्रत्येक पोराला आमराईकडे पिटाळत, कोकमाचे सरबत पाजत आणि दटावत, "आत काय इचारलं, ते तोंडातनं काडायचं नाय, बाबा. मी एक गाव बाद करून बसलंय!" रुचिरा सकाळी उजाडता निघे, दिवे लागल्यावर परते. काही मुले अडखळली, काही चमकली. दोन्हींची नोंद तिने सारख्याच हाताने केली.

काम संपत आले तेव्हा अनिलचा फोन आला.

"ताई, काकीचा फोन आलेला. म्हणाली, तुज्यात खोट नव्हती रे, पायली दुसऱ्याची व्हती." मग त्याने विचारले, "लोट्यालाही तुमची चाचणी चालू आहे ना, तिथल्या मोठ्या माणसांत जागा आहे का अजून? मला बसव. तू मोज."

"मी नाही मोजायची. नात्यातल्याला मोजू नये. आमच्या संस्थेतली अक्षया मोजेल."

ठरल्या दिवशी तो पाळी संपवून कंपनीच्या गणवेशातच आला. दाराशी त्याचे पाय अडले. सात वर्षांचे ते भ्यालेले पोर अजून त्याच्या आत कुठेतरी उभे होते.

"आकडा सांगतील का गं मला?"

"नाही. कोणालाच नाही सांगत." रुचिराने त्याची कॉलर सरळ केली. "आज माप तुला लावायचं नाहीये, अनिल. आज तुझ्यातून माप घडायचंय."

त्याने मान हलवली, खांदे सरळ केले आणि तो आत गेला. दार लागले. आतून ठोकळ्याला ठोकळा लागल्याचा बारीक आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा आवाज. रुचिरा बाहेरच्या बाकावर बसून होती. तिच्या ओठांवर नाम होते, आणि दाराकडे एकदाही तिचा हात गेला नाही.