तौर साहेबांची खोली

मधुकर तौर पेल्यातलं उरलेलं पाणी कधी मोरीत ओतत नसे. कारखान्यात पाहुणा आला आणि अर्धा पेला पिऊन उठला, की मधुकर तो पेला उचलायचा आणि ऑफिसच्या दाराशी असलेल्या कढीपत्त्याला नेऊन घालायचा. शेठजी ते बघायचे आणि समोरच्याला सांगायचे, "देखा? कारखाना स्वतःचा समजतो हा." आता खरं सांगायचं तर पाणी मीही वाया घालवत नव्हतो. मी माझा पेला पूर्ण पिऊन खाली ठेवायचो, म्हणजे उरायचंच नाही. पण रिकाम्या पेल्याचं कौतुक कोण करणार? मधुकरला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो कढीपत्ता आठवला की मला अजून चीड येते.

आमचा कारखाना जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. बाथरूमच्या भिंतीवर लावायचे गॅसचे गीझर आम्ही बनवायचो. मी आणि मधुकर तिथे एकाच महिन्यात इंजिनियर म्हणून लागलो. दोघांचं कॉलेजही एकच, औरंगाबादचं. माझे मार्क त्याच्याहून बरेच जास्त होते. हे मी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नसे, म्हणून मी ते सांगत असे. मी जुन्या जालन्यातला, वडील कोर्टात कारकून. तो कुंभार पिंपळगावच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, घरी मोसंबीची बाग. उंच, खणखणीत आवाजाचा, आणि डोक्यावर असे दाट केस की न्हाव्याला कात्री दोनदा पुसावी लागत असेल. माझं टक्कल तिशीच्या आतच दिसायला लागलं होतं.

तो सगळ्यांनाच भौ म्हणायचा. मी भौ, वॉचमन भौ, सिलिंडर आणून टाकणारा भौ. एकदा वसाहतीतल्या एका साहेबालाही तो भौ म्हणाला. मी मनात म्हटलं, आता बोलणी खाणार हा. तर साहेब म्हणाले, "पुष्कळ दिवसांनी कुणी असं बोललं बुवा," आणि स्वतःच्या डब्यातला लाडू त्याला दिला. मी साहेबांना साहेबच म्हणत होतो. मला लाडू मिळाला नाही.

घरीही तीच तऱ्हा. एखादा विनोद मी सांगितला तर माझी बायको मंगल मेथी निवडत राहायची. तोच विनोद मधुकरनं आमच्या ओट्यावर बसून सांगितला, की ती पदर तोंडाला लावून हसायची. "तौरभाऊजी आले की घर कसं भरल्यासारखं वाटतं," असं ती म्हणायची. मी घरात असताना ते कसं वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

त्या सुमारास सरकारी शिक्क्याशिवाय मोठे विक्रेते गीझर घेईनात. शिक्का हवा तर चाचणी आली. नियम समजायला सोपा होता. जळालेल्या गॅसात जेवढी उष्णता होती, तिच्यातली किती पाण्यात उतरली ते मोजायचं. ठरलेल्या टक्क्यांच्या खाली गेलात तर माल घेऊन घरी बसायचं. त्यासाठी सिलिंडर काट्यावर ठेवायचा, पाण्याला मीटर लावायचं, आत शिरणाऱ्या पाण्याला एक थर्मामीटर आणि बाहेर पडणाऱ्याला दुसरा. ज्योत हलू नये म्हणून खिडक्या बंद आणि पंखाही बंद. जालन्याच्या उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहणं म्हणजे गीझरच्या आधी आपलीच चाचणी व्हायची.

खोली शेठजींनी नवी बांधून घेतली होती. "शिक्का आला की या खोलीला एक प्रमुख नेमणार," ते म्हणाले. "तुमच्या दोघांतला एक." पगार थोडा वाढणार होता, पण मला पगाराचं एवढं नव्हतं. दारावर पितळी पाटी लागणार होती. आमच्या घराण्यात कुणाच्या नावाची पाटी कधी कुठल्या दारावर लागली नव्हती. माझ्या वडिलांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या पाट्यांबाहेर बाकावर बसण्यात गेला. मला ती खोली हवी होती, आणि ती मधुकरला मिळू नये हेही तेवढंच हवं होतं.

मी सरकारी नियमांचं पुस्तक पाठ केलं. बर्नरची छिद्रं बारीक करून पाहिली, मोठी करून पाहिली, तांब्याच्या पट्ट्या दाट बसवून पाहिल्या. मधुकरनं काय केलं? त्यानं मागच्या वस्तीतल्या बायकांना बादल्या घेऊन बोलावलं.

झालं असं, की चाचणीत पाणी सारखं वाहतं ठेवावं लागे. आणि जालन्यात नळ म्हणजे आज आला तर परत कधी येईल ते देव जाणे. गरम पाण्याची धार गटाराकडे जाताना मधुकरला बघवत नसे. पहिल्याच दिवशी तो वस्तीत जाऊन ओरडून आला, "ऊन पाणी हाय, जल्दी या!" आणि खोलीसमोर रांग लागली.

"मधुकर, दार सारखं उघडतंय," मी म्हणालो. "ज्योत हलते. नियमात बसत नाही हे."

"नियम सरकारचा, भौ, अन् पाणी आपलं," तो म्हणाला. "जालन्यात ऱ्हायचं अन् ऊन पाणी गटारात सोडायचं, हे काय बराबर न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला आणि बाहेर तोटी बसवली. दार उघडायचं कारणच राहिलं नाही. म्हणजे माझी अडचण खरी होती आणि ती सुटलीही, पण वाहवा त्याची. शेठजी तोटी बघायला स्वतः आले. वस्तीतल्या गयाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या रोज म्हणायच्या, "तौर साहेब, तुमच्या पाण्यानं माझे गुडघे मोकळे झाले बघा." पाणी तापत होतं मी जुळवलेल्या जाळावर. हे मी गयाबाईंना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तौर साहेब कुठं गेले आज?"

"हिशोब मागून, आंघोळ आधी," असं मधुकर म्हणायचा, आणि खरंच तसं वागायचा. आकडे लिहिताना तो गाणं गुणगुणत असे. टाकीतून आत शिरणाऱ्या पाण्याचं तापमान सकाळी एकदा बघायचा आणि दिवसभर तेच धरून चालायचा. नियमात ते प्रत्येक वेळी बघावं असं होतं. मी त्याला तसं सांगितलंही होतं. पण छपरावरची टाकी मोठी होती, दुपारपर्यंत फारसा फरक पडत नसे, आणि त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत असत. ते का जुळावेत, याचाही मला राग यायचा.

मग ऐन लग्नसराईत मेहुण्याच्या लग्नासाठी मला परतूरला जावं लागलं. परत आलो तर कारखान्यात पेढे वाटणं चाललेलं. शेठजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "जोशी साब, कमाल झाली! तौरनं गीझर शंभराच्या वर नेला."

"शंभर काय?"

"टक्के!"

मी पेढा तोंडात घालायचा थांबलो. शंभर टक्क्यांच्या वर म्हणजे गॅसात होती त्याहून जास्त उष्णता पाण्यात आली. तसं होऊच शकत नाही. मला आनंद झाला. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. "मधुकर," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "बादल्यांची रांग दिसत नाही ती?"

"बाया समद्या लग्नाला गेल्त्या ना भौ. कुणीच येईना. मंग एवढं ऊन पाणी कुठं घालू? टँकरचं पाणी ते. म्या पाइप वळवला अन् पंप लावून परत टाकीत सोडला."

मी सरळ शिडी चढलो आणि टाकीत हात घातला. पाणी आंघोळीजोगं होतं. तेच पाणी खाली जात होतं, तापून वर येत होतं, पुन्हा खाली जाऊन आणखी तापत होतं; आणि मधुकर आत शिरणारं पाणी सकाळइतकंच गार धरून हिशेब करत बसला होता. मी शेठजींना वर बोलावलं. त्यांचं वजन आणि ती शिडी, कठीणच होतं, पण मी त्यांना चढवलंच. त्यांचा हात धरून पाण्यात घातला. खाली सगळा कारखाना जमला होता. मी मोठ्या आवाजात सगळं समजावलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा समजावलं.

मधुकर वर आला. त्यानंही हात घातला. आणि असा हसला की शिडी हलली. "आरं तिच्या! म्या तापलेलंच पाणी तापवून राह्यलो व्हतो! अन् पेढे बी खाल्ले! भौ, तू आला नस्तास तर सरकारपुढं बिलकुल नाक कापलं असतं आपलं." मग खाली बघून ओरडला, "वस्तीवर सांगा रे, आज आख्खी टाकीच ऊन हाय!"

संध्याकाळी बायका लग्नाहून परतल्या त्या बादल्या घेऊनच. मधुकर प्रत्येकीला आपली फजिती सांगत होता आणि दर वेळी तीत थोडी भर घालत होता. शेवटी शेवटी तर गीझर बंद असतानाही पाणी उकळत होतं. लोक हसून हसून लोळत होते. शेठजीही हसत होते. चूक त्यानं केली, पकडली मी, आणि त्या रात्री जालन्यात त्याच्याबद्दल प्रेम वाढलं. मंगल म्हणाली, "किती मोठं मन आहे भाऊजींचं!" मी जेवलो नाही.

पुढे मी नियमाला धरून सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या. आणखी काही महिने जाळाशी झटलो. गीझर सरकारी तपासणीत पास झाला आणि शिक्का आला. शेठजींनी मला बोलावलं आणि म्हणाले, "खोली तुमची." बस एवढंच. पितळी पाटी लागली. मी वडिलांना रिक्षात घालून आणलं आणि दाखवली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. मधुकरनं माझ्या पाठीत थाप मारली, "आता कसं बराबर झालं, भौ!" वरवरचं बोलतोय, असं मी धरलं. सगळ्या गोष्टींत तो पुढे, पण ही एक मी त्याच्याकडून जिंकून घेतली होती. त्या आठवड्यात मला फार छान झोप लागली.

वर्षभरानं त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि बाग बघायला तो गावी गेला. निरोपाला फाटकापर्यंत गर्दी झाली. गयाबाई रडल्या. मला वाटलं, आता तरी संपलं. पण कुणी बाहेरचा माणूस चाचणीची खोली विचारत आला, की वॉचमन सांगायचा, "तौर साहेबांची खोली? डाव्या हातानं जा. आत जोशी साहेब बसतात." पाटी पितळेची, अक्षरं मोठी. तरी शेवटपर्यंत हेच चाललं.

मधुकर पन्नाशीही न गाठता गेला. बागेत पाणी देताना छातीत कळ आली. निरोप आला तेव्हा कारखान्यातून एक जीप भरून आम्ही कुंभार पिंपळगावला गेलो. दहावा उरकला होता. त्याच्या भावानं आम्हाला ओसरीवर बसवलं आणि आत हाक दिली, "वहिनी, जालन्याच्या कारखान्यातले साहेब लोक आलेत." त्याची बायको दारात येऊन बसली. लग्न त्यानं गावी गेल्यावर केलं होतं, त्यामुळे आमची कधी भेट नव्हती.

"जालन्याचं लई बोलायचे," वहिनी म्हणाल्या. "शेठजी, गयाबाई, समद्यांची नावं घ्यायचे. अन् एक भौ व्हते म्हणं त्यांचे तिथं. त्यांच्यासारखं डोकं आख्ख्या जिल्ह्यात न्हाई म्हणायचे. मोटार बिघडली की म्हणायचे, आज भौ असते तर जल्दी सापडलं असतं. पोरांनी अभ्यास न्हाई केला की भौंचंच नाव."

मला आतून चटका बसला. हा कोण भौ? इतकी वर्षं मी शेजारी बसत होतो, आणि मधुकरनं मनात घर दिलं ते भलत्यालाच. मी एकेक चेहरा आठवू लागलो. कारखान्यात तसं डोक्याचं कुणी नव्हतंच. दुपारी त्याच्याबरोबर जेवायला बसणारा फिटर? की शेठजींचा पुतण्या? मेलेल्या माणसाच्या ओसरीवर बसून मी त्या भौवर जळत होतो.

"शेठजी एक खोली यांनाच देत व्हते," वहिनी पुढे सांगत होत्या. "तर हे आडून बसले. म्हणाले, भौंला द्या, न्हाईतर म्या नोकरी सोडतो. त्यांच्या बापाला पाटी बघायची व्हती म्हणं."

मी आमच्या लोकांकडे बघितलं. जीपमधून आलेले बाकीचे खाली बघत होते. त्यांना माहीत असावं.

वहिनींनी डोळे पुसले. "तुमी बी तिथलेच. वळखता का त्या भौंला?"

"ओळखतो," मी म्हणालो. "पण वहिनी, मधुकर सांगायचा तेवढा काही तो माणूस चांगला नाही."

त्यांना ते लागलं. पदर सावरून त्या ताठ बसल्या आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "राग नका मानू साहेब. पर तुमी त्या माणसावर जळून राह्यले."

"हो," मी म्हणालो.