शेवटची गोळी

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काल माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीतून गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा. त्यात एकच गोळी होती.

"ही पाहिजे. बायकोला फिट येते."

दुकानदाराने लांबूनच मान हलवली. "काका, कंपनीकडूनच येत नाही. पुढच्या आठवड्यात बघा."

त्याच्या पाठीमागे गोरं करणारी क्रीमं आणि ताकद वाढवणाऱ्या पावडरींचे डबे पार छतापर्यंत रचलेले होते. गोरं व्हायचं औषध संपल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. ज्याच्यावाचून माणूस जमिनीवर कोसळतो, नेमकं तेच संपतं, आणि का संपलं हे विचारायला कुठेच खिडकी नसते.

"किती दुकानं झाली?" मी विचारलं.

"हे अकरावं. चार दिवस फिरतोय."

"अहो, मग ही एक तरी त्यांना द्यायची!"

त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "चिठ्ठीतलं डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नाही. गोळी काढली की मागचा कागद फाटतो, नाव जातं. मग दुकानात दाखवू काय?"

गोळी पुन्हा रुमालात बांधून ते बाराव्या दुकानाकडे निघाले.

अकरा दुकानांत एकानेही त्यांना ते नाव सुट्या कागदावर लिहून दिलं नव्हतं. पेन माझ्याही खिशाला होतं. ते दिसेनासे झाल्यावर मला आठवलं.